झुंबराबाईचं न ऐकलेलं काम

एका जंगलात थंडीच्या दिवसांत बर्फ पडायचा.

हात खाली करा. मला माहीत आहे, आपल्याकडच्या जंगलात बर्फ पडत नाही. हे जंगल फार उंचावर होतं. तिथे देवदार होते, अक्रोडाची झाडं होती, आणि थंडी अशी की बोलायला तोंड उघडावं तर दात वाजायला लागावेत. आता मधे कोणी बोलायचं नाही, नाहीतर गोष्ट इथेच संपवीन.

तर त्या जंगलात एक गुहा होती. ती सगळ्यांचं कोठार. हिवाळ्याच्या आधी प्रत्येकाने अक्रोड, कंदमुळं, सुकी बोरं, मध असं काय काय तिथे आणून ठेवायचं आणि हिवाळाभर पुरवून पुरवून खायचं, अशी रीत होती. गुहेच्या तोंडाशी एक भली थोरली काळी शिळा उभी होती. शिळेच्या कडेला एक फट होती. अस्वलाने पोट आत ओढलं आणि तिरकं झालं, तर जेमतेम आत जाईल एवढी.

वरच्या कड्यावरून शिळेवर पाणी झिरपायचं. दिवसा झिरपायचं आणि रात्री गोठायचं. सकाळी बघावं तर शिळेवर बर्फाचा जाड थर आणि फट बंद. अन्न आत, खाणारे बाहेर.

तो बर्फ फोडायला रानडुकरांचं एक पथक होतं. मुसंडेराव त्या पथकाचे नाईक. पथक सकाळी यायचं, मागे सरकायचं, डोकं खाली घालून धावत यायचं आणि शिळेवर आदळायचं. धाड. पुन्हा मागे, पुन्हा धाड. कोणी सुळ्यांनी खरवडायचं, कोणी नुसतंच हुंकार द्यायचं. दुपार कलली की कुठे फट मोकळी व्हायची. बर्फाबरोबर शिळेचे टवके उडायचे आणि डुकरांच्या कपाळांवर टेंगळं यायची. जंगलात त्या टेंगळांना फार मान होता. लग्न जमवताना आधी टेंगूळ बघत.

आता या जंगलातली खरी गंमत सांगतो. तिथे काम डोळ्यांनी बघायची पद्धत नव्हती. काम कानांनी ऐकत.

त्याचं असं झालं, की सिंह महाराज म्हातारे झाले होते आणि त्यांना थंडी सोसत नसे. गुहेपर्यंत जाऊन पाहणी कोण करणार? म्हणून त्यांनी कानविंदे नावाच्या सशाला कानोसा अधिकारी नेमलं. पण थंडी सशालाही सोसत नसे. तो महाराजांच्या गुहेजवळच्या टेकाडावर उन्हात बसायचा, कान उभे करायचा आणि लांबूनच काम ऐकायचा. आवाज आला की खाली वाकून सांगायचा, "ऐकलं." मग ते काम झालं असं समजायचं. आवाज जितका मोठा, तितका अन्नातला वाटा मोठा. जंगलात म्हणच पडली होती, "ऐकलं ते केलं, उरलं ते गेलं."

हसताय काय? तिथे कोणी हसत नसे. सगळ्यांना ते पटलेलं होतं.

याच जंगलात एका वठलेल्या देवदाराच्या ढोलीत झुंबराबाई राहायची. झुंबराबाई पाकोळी होती. पाकोळी म्हणजे वटवाघळातली धाकटी जात, मुठीत मावेल एवढ्या अंगाची. नवरा टांगोजी, म्हातारी सासू आणि भावबंदांचा मोठा गोतावळा, सगळे त्या एकाच ढोलीत उलटे टांगलेले असत. ढोलीला खाली भोक, वरही भोक, आणि मधून वारा. मागच्या हिवाळ्यात सासरे रात्री लटकले ते सकाळी तसेच लटकलेले राहिले. पायांची पकड सुटली नव्हती, म्हणून दुपारपर्यंत कोणाला कळलंच नाही. सासूबाईंचा एक पंख तेव्हापासून गारठून आखडला होता.

म्हातारीचा आणखी एक हिवाळा या ढोलीत निघणार नाही, हे झुंबराबाईला दिसत होतं. आता सासूसुनेचं गूळपीठ होतं असं नाही. दोघींचे रोज खटके उडत. पण खटके उडायला तरी म्हातारी हवी ना. झुंबराबाईच्या मनाला त्याचाच घोर लागला होता.

एका सकाळी ती आणि टांगोजी किडे शोधत काळ्या शिळेपाशी गेले. शिळेच्या माथ्याशी थोडी कोरडी जागा होती, तिथे बिलगून बसले. फट बर्फाने बंद झाली होती, पण एका बारीक भोकातून आतली ऊब येत होती. त्या उबेने झुंबराबाईचं पित्त खवळलं.

"बघा," ती म्हणाली, "अक्रोड उबेत झोपलेत आणि तुमची आई वाऱ्यात. कधी कोणाकडे शब्द टाकलात का? जिथे टांगलं तिथे लटकलात, जन्मभर."

एवढ्यावर ती थांबली नाही. नखं रोवून, छाती शिळेला घट्ट लावून, तिने नवऱ्याची तारस्वरात हजेरी घेतली. तुम्ही तिथे असता तर तुम्हाला मात्र काही ऐकू आलं नसतं. पाकोळ्यांचा आवाज इतका उंच असतो की तो आपल्या कानांना लागतच नाही. पुस्तकात त्याला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. दवाखान्यात पोटाची सोनोग्राफी करतात ना, तोही याच घराण्यातला. ऐकू येत नाही म्हणून आवाज नाही, असं समजू नका. टांगोजीला विचारा.

तर त्या बोलण्याने शिळेला कंप सुटला. डोळ्यांना दिसणार नाही असा, अगदी बारीक. आणि बर्फाने शिळेवर जी पकड धरली होती, ती सुटली. बर्फ वितळला नाही, ठोकूनही फुटला नाही. भाजलेली भाकरी तव्यावरून सुटावी तसा अख्खाच्या अख्खा सुटला, घसरला, आणि खालच्या भुसभुशीत बर्फात जाऊन रुतला. फट मोकळी झाली.

टांगोजीने शिळेकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं.

"अजून थोडं बोल," तो म्हणाला. लग्नानंतर असं तो पहिल्यांदाच म्हणाला असेल.

झुंबराबाई तडक टेकाडावर गेली.

"साहेब," ती कानविंद्यांना म्हणाली, "शिळेवरचा बर्फ यापुढे आम्ही काढतो. उजाडता उजाडता फट मोकळी करून देतो. अन्नातला वाटा नको. कोठाराच्या आतल्या कोपऱ्यात, वर छताला, टांगायला जागा द्या. छताला तसंही कोणी काही ठेवत नाही. घरात म्हातारं माणूस आहे हो."

कानविंद्यांना मागणी गैर वाटली नाही. "उद्या करून दाखवा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना सगळा गोतावळा शिळेला छाती लावून बसला. बर्फ सुटला आणि पडला. झुंबराबाई पंख झटकत टेकाडावर आली.

"काय साहेब?"

"मी वाट बघतोय," कानविंदे म्हणाले. "सुरू कधी करणार?"

"झालं."

"काय झालं?"

"बर्फ काढून झाला. अस्वल आत जाऊन बाहेरसुद्धा आलं."

"आलं असेल. अस्वलाचं मला काय सांगता? काम ऐकू आलं नाही."

"ते ऐकू येत नाही, साहेब. म्हणजे आवाज होतो, पण तुमच्या कानांना लागत नाही."

कानविंदे दुखावले. त्यांनी दोन्ही कान पंजांनी सरळ केले. "बाई, हे कान बघितलेत? आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या असेच कान चालत आले आहेत. या कानांना ऐकू आलं नाही, असं या जंगलात आजवर काही झालेलं नाही."

झुंबराबाई जिद्दीची. तिने रोज सकाळी बर्फ पाडला. फट रोज उजाडताना मोकळी. प्राणी रोज वेळेवर पोटभर खायला लागले, आणि खाता खाता काळजी करायला लागले. "हल्ली कामाचा आवाज येत नाही," गालात अक्रोड धरून खार म्हणायची. "दिवस वाईट आले," भरल्या तोंडाने माकड म्हणायचं. मुसंडेरावांच्या पथकाचा वाटा बंद झाला होता. ते महाराजांकडे गेले आणि त्यांनी आपलं कपाळ पुढे केलं.

"महाराज, बघा. टेंगळं बसायला लागली."

महाराजांनी सभा बोलावली. त्यांना दात उरले नव्हते म्हणून ते मधावर होते. समोर त्या सकाळीच कोठारातून आणलेलं मधाचं पोळं होतं.

"कोठार बंद पडलं म्हणे," मिशीवरचा मध चाटत महाराज म्हणाले. "मग आम्ही हे खातो आहोत ते काय?"

"ते मागचं असेल, महाराज," मुसंडेराव म्हणाले.

महाराजांनी पोळ्याकडे जरा वेळ पाहिलं. "असेल," ते म्हणाले.

झुंबराबाई पुढे झाली. तिने सगळं सांगितलं. ढोलीतला वारा, सासऱ्यांचं जाणं, सासूचा पंख, छातीने शिळा कशी थरथरते आणि बर्फ कसा पकड सोडतो ते. महाराज मनाने वाईट नव्हते. त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं.

"बाई, तू खोटं बोलतेस असं आम्ही म्हणत नाही," ते म्हणाले. "तू म्हणतेस बर्फ पडला, तर पडला असेल. पण आम्ही पडला म्हणायचं ते कशावरून? तू ऐकू येईल असं काम कर. उद्या आम्ही स्वतः टेकाडावर येतो. कानविंद्यांनी 'ऐकलं' म्हटलं की तो कोपरा तुझा. मात्र ज्या दिवशी ऐकू येणार नाही, त्या दिवशी कोपरा परत."

ढोलीत तालीम सुरू झाली. उंच आवाज खाली आणायचा म्हणजे पाकोळीला मोठी शिक्षा. सगळ्यांचे घसे सोलले. अखेर एक कर्कश, गंजलेल्या कडीसारखा आवाज निघाला आणि तो बाहेर ऐकू जायला लागला.

टांगोजी मधेच उठून शिळेपाशी जाऊन आला. "मी करून पाहिलं," तो म्हणाला. "आवाज खाली आला की शिळा थरथरत नाही. बर्फ ढिम्म आहे."

"आधी घर मिळू द्या," झुंबराबाई म्हणाली. "बर्फाचं मग बघू."

दुसऱ्या दिवशी टेकाडावर ही गर्दी. महाराज घोंगडं पांघरून बसले. गोतावळ्याने शिळेला बिलगून एकदम असा काही कल्लोळ केला की झाडांवरची पाखरं उडाली. कानविंद्यांनी डोळे मिटले, कान ताठ केले आणि म्हणाले, "ऐकलं."

टाळ्या पडल्या. महाराजांनी मान डोलावली. शिळेवरचा बर्फ तसूभर हलला नव्हता, पण शिळेकडे बघत होतं कोण? दुपारी मुसंडेरावांनी डोकी आपटून फट मोकळी केली. ते काम दोघांच्या नावावर गेलं.

आणि खोटं कशाला सांगू, झुंबराबाईला त्या टाळ्या आवडल्या. जन्मापासून ती बोलत होती, पण नवऱ्याखेरीज तिचं कोणी ऐकलं नव्हतं. आणि नवराही सोयीने ऐकायचा. आज सगळं जंगल म्हणालं होतं, ऐकलं. तिला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं.

संध्याकाळी पाकोळ्यांनी बिऱ्हाड हलवलं. म्हातारीला मात्र त्या वाऱ्यात नेता येईना. आखडलेला पंख घेऊन तिला उचलून न्यायचं, तर दुपारची वेळ आणि वारा पडलेला हवा.

"उद्या दुपारी न्या मला," सासूबाई म्हणाल्या. "एका रात्रीचा तर प्रश्न. मी कुठे पळून जाते आहे? मला पळता येतंय का?"

त्या रात्री मात्र थंडीने कहर केला. सकाळी फट कधी नव्हता इतक्या जाड थराने बंद झाली. आत पाकोळ्या ऊबदार कोपऱ्यात सुखाने झोपल्या होत्या. झुंबराबाईने जागी झाल्यावर घसा साफ केला, सगळ्यांना शिळेच्या आतल्या अंगाला लावलं आणि कालचा कल्लोळ सुरू केला. आज तिने त्यात दोन नव्या ताना घातल्या.

लांब टेकाडावरून शब्द आला, "ऐकलं. आज तर काम जोरात आहे."

बाहेर प्राणी जमले. फट बंद, पोटं रिकामी. पण कोणी कुरकुर केली नाही. आतून एवढा आवाज येत होता, म्हणजे काम चाललेलं होतं. मुसंडेरावांचं पथकही डोकी शेकत बसलं. आवाज होतोच आहे म्हटल्यावर कपाळमोक्ष कशाला करून घ्यायचा?

असं दुपारपर्यंत चाललं. झुंबराबाईच्या लक्षात आलं की टांगोजी ओरडत नाही. तो नुसता बर्फाच्या भिंतीकडे बघत लटकला होता.

"तुम्ही गप्प का?" तिने विचारलं. "साहेबांना एक आवाज कमी पडेल."

"आई बाहेर आहे," टांगोजी म्हणाला.

झुंबराबाईच्या घशातली तान घशातच राहिली. घर मागितलं ते म्हातारीसाठी, घर मिळालं, आणि म्हातारी तेवढी घराबाहेर. त्या ढोलीत आता गोतावळ्याची ऊबसुद्धा नव्हती. आणि आपण इथे ताना मारत होतो, या विचाराने तिला स्वतःची शरम वाटली.

तिला दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. ओरडणं थांबलं की कोपरा गेला. ओरडणं चालू राहिलं की बर्फ पडत नाही. तिला सासऱ्यांचे ते न सुटलेले पाय आठवले.

"गप्प बसा सगळे," ती म्हणाली.

गुहा चिडीचूप झाली. टेकाडावर कानविंद्यांचे कान दचकून वळले.

झुंबराबाईने छाती शिळेला लावली आणि मूळच्या आवाजात बोलायला सुरुवात केली. या वेळी तिने नवऱ्याला एक शब्द लावला नाही. ती स्वतःलाच बोलली, आणि कोणाला बोलताना राखून ठेवायची तिला सवय नव्हती. तिच्यामागून सगळा गोतावळा आपापल्या खऱ्या आवाजावर आला. शिळा थरथरली. जाड बर्फ वरपासून खालपर्यंत सुटला आणि बाहेर जाऊन आडवा झाला. तो आडवा व्हायच्या आत झुंबराबाई आणि टांगोजी फटीतून उडाले होते.

ढोलीत म्हातारी डोळे मिटून लटकली होती.

"सासूबाई," झुंबराबाई म्हणाली.

तिने म्हातारीला हलवलं.

"सासूबाई, मी आलेय. उठा."

टांगोजीने आईचं एकेक बोट हलक्या हाताने सोडवायला घेतलं. झुंबराबाईने तिला पंखांत धरून आपल्या अंगाशी घट्ट घेतलं आणि तशीच थांबली. बऱ्याच वेळाने म्हातारीने एक डोळा उघडला.

"ही दुपार का?" ती म्हणाली. "तुझ्या माहेरी एवढ्या उशिराच होते वाटतं."

असा टोमणा ऐकून झुंबराबाईला रडू फुटलं. सासूच्या बोलण्याने तिला आनंद झाल्याची ही पहिलीच वेळ होती.

दोघांनी म्हातारीला उचलून आणली आणि आतल्या कोपऱ्यात टांगली. तेवढ्यात कानविंदे धापा टाकत गुहेशी आले. मागे मुसंडेराव होते.

"काम बंद पडलं," कानविंदे म्हणाले. "मी स्वतः ऐकलं. म्हणजे ऐकलं नाही. महाराजांची अट तुम्हाला माहीत आहे. कोपरा रिकामा करा."

एवढ्यात अस्वल कंदमुळं घेऊन फटीतून बाहेर आलं. त्याला वाट द्यायला कानविंद्यांना बाजूला व्हावं लागलं. ते बाजूला झाले आणि पुन्हा म्हणाले, "काम बंद पडलं आहे."

झुंबराबाईने आत पाहिलं. म्हातारीच्या अंगाचं कापणं नुकतंच थांबलं होतं. मग तिने मोकळ्या, कोरड्या शिळेकडे पाहिलं.

"बंद कुठे पडलंय, साहेब?" ती म्हणाली. "आत्ता तर सुरू होतंय. तुम्ही आलात ते बरं झालं, जवळून ऐका."

तिने खूण केली. सगळा गोतावळा त्या उघड्या शिळेला बिलगला आणि जीव तोडून ओरडायला लागला. कानविंद्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"हं," ते म्हणाले. "ऐकलं."

आपण मागे पडू नये म्हणून मुसंडेराव चार पावलं मागे सरकले आणि धावत येऊन नुसत्या दगडावर आदळले.

"हेही ऐकलं," कानविंदे म्हणाले.

तेव्हापासून त्या जंगलात सगळं सुरळीत झालं. उजाडताना पाकोळ्या मुकाट बर्फ पाडतात. प्राणी खाऊन घेतात. मग पाकोळ्या आणि डुकरं मोकळ्या शिळेशी जमतात आणि उन्हं चढेपर्यंत तो बर्फ काढतात. कानविंदे ऐकतात. मुसंडेरावांचं टेंगूळ पुन्हा वर आलं आहे आणि त्यांच्या धाकट्याचं लग्न जमलं.

एकदा कोपऱ्यातून सासूबाईंनी विचारलं, "अगं सूनबाई, बर्फ तर मघाशीच पडला. आता कशाला घसा फोडतेस?"

"मघाशी केलं ते काम, सासूबाई," झुंबराबाई म्हणाली. "हे घरभाडं."

म्हातारीने जरा विचार केला. उबेत पंख पसरला. आता तो बराच उघडत होता.

"मग चांगलं मोठ्याने ओरड," ती म्हणाली. "कोपरा झकास आहे."

तात्पर्य : काम पहाटेच उरकून टाकावं, म्हणजे ते चालू आहे असं ऐकवायला अख्खा दिवस मोकळा मिळतो. आणि बाळांनो, गोष्ट आवडली असेल तर टाळ्या वाजवा. मनातल्या मनात आवडली, तर मला इथे बसून कसं ऐकू येणार?